लातूरचा रिपीटर आणि चीनचा वानर

आमच्या नांदेडात हल्ली पालकसभेत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘गेमनं पोरं वाया गेली.’ आणि तेच पालक जाता जाता दारात थांबून विचारतात, ‘सर, नीटसाठी लातूरला कुठला क्लास चांगला?’ मला दोन्हींचं उत्तर एकत्रच द्यायचं आहे.

माझा भाचा लातूरला होस्टेलवर राहून दुसऱ्यांदा नीटची तयारी करतोय. ईदला घरी आला तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण मुबारकबादीनंतर एकच विचारायचा, ‘अंदा कित्ते मार्क?’ तिसऱ्या दिवशी पोरगा घरातून गायब. मित्राकडे गेम खेळत बसलाय कळल्यावर आपाने मला धाडलं, कान धरून आणायला. मी गेलो आणि दीड तास तिथंच बसून राहिलो.

गेमचं नाव ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’. चिनी आहे, 2024 च्या ऑगस्टमध्ये आला, पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. त्यामागे 16 व्या शतकातली ‘जर्नी टू द वेस्ट’ ही चिनी कादंबरी आहे : धर्मग्रंथ आणायला हिंदुस्थानकडे निघालेला भिक्षू आणि त्याच्या सोबतीचा उपद्व्यापी वानर, सुन वुकाँग. ‘वानरदेवाचे खेळ आपल्या पोरांनी कशाला खेळायचे?’ असं आमच्यातल्या एका बुजुर्गांनी मला नंतर सुनावलं. त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की त्या भिक्षूमागे खरा माणूस आहे, ह्युएनत्संग. तो 7 व्या शतकात चीनहून निघाला, पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही आला आणि इथल्या माणसांबद्दल लिहून गेला. इल्मसाठी चीनला जावं लागलं तरी जा, हे वचन आपण कौतुकाने सांगतो (हदीस म्हणून उलेमा ते कमजोर मानतात, तो वाद वेगळा). इथे तर चीनचा माणूस इल्मसाठी आपल्या दारी आला होता!

असो. भाचा एका वाघाशी लढत होता. देवळात रक्ताच्या हौदात उभा असलेला धिप्पाड वाघ. माझ्यादेखत पोरगा अकरा वेळा मेला. मला बघवेना. तो म्हणाला, ‘मरे तो क्या हुआ मामू, फिर जाते.’ या गेममध्ये मेलात की मागच्या देवळीपाशी उठता, पण कमावलेलं काही जात नाही. कौशल्यावर खर्चलेले गुण फुकट परत घेता येतात, दुसरीकडे लावता येतात. काही शत्रू तर आज जमत नसतील तर बाजूला ठेवून पुढे जाता येतं, तयारी झाली की परत यायचं. पाचव्या मरणानंतर तो स्वतःशीच पुटपुटला, की आपण वार यायच्या आधीच उडी मारतोय. आठव्या वेळेपासून ती चूक झाली नाही.

बी.एड.ला मी ‘निदानात्मक चाचणी व उपचारात्मक अध्यापन’ यावर पानं भरून उत्तर लिहिलं होतं, गुणही चांगले पडले. नोकरीच्या इतक्या वर्षांत ते मी वर्गात किती वेळा केलं, हे विचारू नका. तो गेम ते दर तीन मिनिटांनी करत होता.

कुणी म्हणेल, लातूर पॅटर्न म्हणजे दुसरं काय? सराव, पुन्हा सराव, पुन्हा चाचणी. बरोबर आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयात हा पॅटर्न घडला तेव्हा त्यात मेहनत होती, मुलांमागे उभे राहणारे प्राध्यापक होते. मराठवाड्यातल्या पोरांना त्याने डॉक्टर-इंजिनिअर केलं, हे नाकारणारा मी कोण? माझं भांडण आज त्याच्या नावावर चालणाऱ्या दुकानांशी आहे. भाच्याच्या क्लासमध्ये चाचणी झाली की भिंतीवर यादी लागते. गुण घसरले की खालची बॅच, आणि खालच्या बॅचला शिकवायला नवखे सर. म्हणजे ज्याला जास्त शिकवायला हवं त्याला कमी शिकवायचं. 720 पैकी 410 पडले एवढं कळतं. ते 310 कुठे गेले, हे सांगायला कुणाला फुरसत नाही. आणि दुसऱ्यांदा बसणाऱ्याला नाव काय, तर ‘रिपीटर’. फीच्या पावतीवरसुद्धा तेच.

त्या कादंबरीत प्रवाशांच्या नशिबी 81 संकटं असतात. ग्रंथ मिळाल्यावर हिशेब होतो, 80 च भरतात, म्हणून परतीच्या वाटेवर आणखी एकात ढकलतात. त्या भिक्षूला तिथे कुणी रिपीटर म्हणत नाही.

मी गेमचा वकील नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 2025 मध्ये कायद्याने बंदी आली, चांगलं झालं. त्यात घरं बुडत होती. रात्र रात्र जागून खेळणाऱ्यालाही मी रागावेनच. पण पोरं कशाने वाया जातात याचा हिशेब मांडायचा तर पूर्ण मांडा. 2024 च्या नीट पेपरफुटीच्या तपासात लातुरातून दोन शिक्षक पकडले गेले, त्यांच्या हातात काही गेमचा रिमोट नव्हता. 2025 च्या जूनमध्ये सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात, नीटच्या सराव चाचणीत गुण कमी पडले म्हणून बापाने मुलीला मारलं. मुलगी गेली. सराव चाचणी होती ती! जिच्यात चुकायचंच असतं. आणि बाप आमच्याच पेशातला, शाळेत शिकवणारा.

ती बातमी वाचली त्या दिवशी मला वर्गात जाववलं नव्हतं.

मी भाच्याचा कान धरला नाही. वाघ पडल्यावर आम्ही दोघं चालत घरी आलो आणि आपाची बोलणी दोघांनी मिळून खाल्ली. लातूरला परत जाताना त्याने बॅगेतून शेवटच्या चाचणीची उत्तरपत्रिका काढून दिली. दोन महिने तशीच पडून होती. रात्री बसून आम्ही चुका मोजल्या. जीवशास्त्रातल्या निम्म्या चुका प्रश्नातलं ‘अयोग्य विधान ओळखा’ हे घाईत ‘योग्य’ असं वाचल्यामुळे झालेल्या. माझा विषय भाषा. हे मला दिसू शकलं, तर लाखभर फी घेणाऱ्यांना का दिसत नाही? पुढच्या रविवारी यादी लावाल तेव्हा तिच्यासोबत प्रत्येकाला त्याच्या चुकांचा कागद द्या. पालकांनो, तुम्हीही क्लास निवडताना फ्लेक्सवरचे फोटो मोजण्याआधी हा कागद मिळतो का, तेवढं विचारा.