नक्कल की उत्तर? अच्युत कानविंदे आणि एका फर्मचा इतिहास

१/ नाशिकमध्ये ‘वारसा’ म्हटले की पांडवलेणी, काळाराम मंदिर, सरकारवाडा आणि गोदाकाठचे वाडे डोळ्यांपुढे येतात. १९५९ मध्ये स्थापन झालेली ‘मेरी’ किंवा १९६४ पासूनचा ओझरचा विमान कारखाना सहसा कोणी या यादीत धरत नाही. स्वातंत्र्योत्तर काळातील काँक्रीटच्या इमारती म्हणजे पाश्चात्त्यांची रुक्ष नक्कल, असा समज त्यामागे आहे. हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकतो का, याचा हा #धागा

२/ ही तपासणी करण्यासाठी एका फर्मचा इतिहास उपयोगी पडतो. अच्युत कानविंदे यांनी शौकत राय यांच्यासह १९५५ मध्ये दिल्लीत ‘कानविंदे अँड राय’ ही फर्म स्थापन केली. प्रयोगशाळा, तंत्रशिक्षण संस्था, दुग्धालये, संग्रहालये अशा नव्या राष्ट्राच्या कितीतरी गरजांना या फर्मने आकार दिला. आयआयटी कानपूरचे संकुल तिचेच. मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्रही तिचेच.

३/ कानविंदे यांचा जन्म १९१६ मध्ये कोकणातील आचऱ्याचा (आजचा सिंधुदुर्ग जिल्हा). शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये झाले. तेथे क्लॉड बॅटली यांचा प्रभाव होता. जुन्या भारतीय वास्तूंची मोजमापे घ्यावीत, त्यांचे जिने, जाळ्या, छज्जे कागदावर उतरवावेत, हा बॅटली यांचा आग्रह. परंपरेशी पहिली ओळख झाली ती अशी, हातात मोजपट्टी घेऊन.

४/ दुसरे महायुद्ध संपत असताना सरकारने काही तरुणांना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवले. कानविंदे हार्वर्डला गेले. तेथे वाल्टर ग्रोपियस शिकवत होते. जर्मनीत १९१९ मध्ये बाउहाउस ही कलाशाळा स्थापणारे ग्रोपियस हिटलरच्या राजवटीत देश सोडून प्रथम इंग्लंडला आणि १९३७ मध्ये अमेरिकेत आले होते.

५/ १९४५ मध्ये ग्रोपियस यांनी सात तरुण वास्तुविशारदांसह केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे ‘द आर्किटेक्ट्स कोलॅबोरेटिव्ह’ ही फर्म सुरू केली. हे नाव नीट पाहावे, त्यात एकाही व्यक्तीचे नाव नाही. साठीला आलेला जगप्रसिद्ध गुरू आणि त्याचे तरुण सहकारी एका पंक्तीला बसलेले. त्या सातांत दोन स्त्रिया होत्या. इमारत हे एका प्रतिभावंताचे नव्हे, तर चमूचे काम आहे, हा या फर्मचा पाया होता.

६/ येथे ‘नक्कल’वाद्यांचा मुद्दा प्रथम अडखळतो. नक्कल शैलीची करता येते. ग्रोपियस यांचा भर मात्र पद्धतीवर होता. इमारत कशासाठी हवी? कोण वापरणार? साहित्य कोणते मिळते? ऊन कोठून येते? हे प्रश्न आधी विचारायचे आणि रूप त्यांच्या उत्तरांतून येऊ द्यायचे. पद्धत आत्मसात करणाऱ्याच्या इमारती देशकाल बदलला की बदलायलाच हव्यात. कानविंदे यांच्या बदलल्या का?

७/ पहिला टप्पा अहमदाबादचा. परतल्यावर कानविंदे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुविशारद झाले. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची इमारत रचली. सरळ रेषा, सपाट छत, अलंकाराला पूर्ण फाटा. येथे हार्वर्डची छाया स्पष्ट आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

८/ दुसरा टप्पा कानपूरचा. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटीचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. १९६२ ते १९७२ या काळात अमेरिकेतील ९ शिक्षणसंस्थांचा समूह तिला साहाय्य करत होता. उपकरणे आली, प्राध्यापक आले, आयबीएमचा संगणकही आला. संकुलाचा आराखडा मात्र आचऱ्याच्या माणसाने केला.

९/ गंगेच्या मैदानात दगड दुर्मीळ आणि वीट मुबलक. म्हणून काँक्रीटचा सांगाडा आणि त्यात उघडी वीट. उन्हाळा जाळणारा. म्हणून इमारतींना जोडणारे उंचावरचे मार्ग. वरून चालता येते आणि खाली सावली पडते. ग्रंथालयाभोवतीची रचना अशी की, वेगवेगळ्या विभागांची माणसे येता-जाता एकमेकांना भेटतात. ‘अटिरा’च्या आणि या इमारतींच्या मध्ये जेमतेम दशकभराचे अंतर आहे, पण भाषा बदललेली आहे.

१०/ तिसरा टप्पा महेसाणा. दुधाचा महापूर योजना १९७० मध्ये सुरू झाली. त्याच काळात या फर्मने तेथील दूधसागर डेअरीची इमारत रचली. दूधप्रक्रियेत उष्णता आणि वाफ फार. ती बाहेर काढणारे वायुवीजनाचे उंच झोत छतावर रांगेने उभे राहिले आणि तीच इमारतीची ओळख ठरली. असे दुग्धालय कोणत्याही अमेरिकी पुस्तकातून उचललेले नव्हते.

११/ प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकायला हवे. काँक्रीट तापते, गळते, काळवंडते. निगा राखली नाही तर सळ्या उघड्या पडतात. या इमारतींचा आश्रयदाता बहुधा सरकार किंवा मोठी संस्था होती. गावातल्या गवंड्याला आराखड्यात फारसा शब्द नव्हता. हे आक्षेप खरे आहेत. पण ते त्या वास्तूंच्या इतिहासाचा भाग आहेत, त्यांना इतिहासाबाहेर काढण्याचे कारण नव्हेत.

१२/ शिवाय शिकणे एकाच दिशेने झाले नाही. ग्रोपियस यांच्या फर्मला बगदाद विद्यापीठाचे काम मिळाले, तेव्हा तिनेही वर्गांच्या इमारती जवळ जवळ ठेवल्या, जेणेकरून एकीची सावली दुसरीवर पडावी. जुन्या अरबी गल्ल्यांनी आणि आपल्या गोदाकाठच्या बोळांनी हे केव्हाच जाणले होते. पुढे १९९५ मध्ये ही अमेरिकी फर्म बंद पडली. कानविंदे २००२ मध्ये निवर्तले. त्यांची फर्म वाढलेल्या नावाने आजही काम करते.

१३/ हा वाद केवळ अभिरुचीचा नाही. दिल्लीतील राज रेवाल यांनी रचलेले, १९७२ चे ‘हॉल ऑफ नेशन्स’ एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडले गेले. वारशाचा दर्जा देण्यासाठी वास्तूला किमान ६० वर्षे झालेली असावीत, हा निकष तेव्हा आड आला. म्हणजे काँक्रीट ४५ व्या वर्षी पाडायला पुरेसे जुने आणि जपायला अपुरे!

१४/ तोच निकष लावला तरी ‘अटिरा’, कानपूरचा बराच भाग आणि नाशिकची ‘मेरी’ आता साठी ओलांडून गेली आहेत. वयाची सबब संपली. उरला आहे तो आपला समज. दुसरीकडे, आज शहरात पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड करून काचेच्या भिंती उभ्या राहतात आणि त्या थंड ठेवायला दिवसभर यंत्रे चालतात. नक्कल शोधायचीच असेल तर ती तेथे शोधावी.

१५/ वाड्याचा इतिहास लिहिताना आपण मालकाचे घराणे शोधतो. या इमारतींसाठी फर्मचे घराणे शोधावे लागेल: आराखड्यावर कोणाची सही, अभियंता कोण, सिमेंट कोठून आले, कोणत्या वर्षी काय बदलले. हे नकाशे बहुधा सरकारी कपाटांत असतात आणि रद्दीच्या पुढच्या फेरीत जाऊ शकतात. नाशिकच्या इतिहासप्रेमी तरुणांनी सुरुवात ‘मेरी’पासून करावी. तिच्या उभारणीच्या काळात कामाला लागलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे आधी जावे, नकाशे त्यानंतर.