बटाटा, गाठिये आणि पाण्याचं टब

इथे आपण वाडे, गणपती, जुन्या शाळा, आजीच्या हातचं लोणचं यांवर लिहितो. मी आज एका डुकराबद्दल लिहिणार आहे. नाक मुरडू नका, आधी वाचा.

माझी लेक नॉर्थ कॅरोलिनात असते. तिच्याकडे पॉटबेली जातीचं डुक्कर आहे, नातीने त्याचं नाव बटाटा ठेवलंय. ही जात मूळ व्हिएतनामची. १९८५ च्या सुमाराला कॅनडात आणली गेली आणि मग अमेरिकेत लोक हौसेने घरात पाळू लागले. विकणाऱ्याने लेकीला सांगितलं होतं, "टीकप आहे, मांजराएवढंच राहील. फक्त अर्धी वाटी खाणं घाला." त्याने पिल्लाचे आईबापही दाखवले होते, छोटे छोटे. नंतर डॉक्टरांनी उलगडा केला. डुकरं काही महिन्यांचीच असताना वयात येतात, पण वाढतात मात्र तीन-चार वर्षं. म्हणजे ते आईबाप स्वतःच पोरं होती! आणि अर्धी वाटी म्हणजे सरळ उपासमार. बटाटा आज १४० पौंडांचा आहे, म्हणजे ६० किलोंच्या वर.

उपाशी ठेवणाऱ्यावर मी खूप तोंडसुख घेतलं. मग माझी पाळी आली.

आपण बडोदेकर. पाहुणा असो की गल्लीतली गाय, रिकाम्या पोटी जाता कामा नये. त्याला रोज मोजून सकाळी एक कप, संध्याकाळी एक कप गोळ्या आणि वर काकडी, पालेभाजी, भोपळा एवढंच मिळायचं. कत्तलीसाठी वाढवायच्या डुकरांचं खाद्य वेगळं असतं, ते पटापट चरबी चढवतं. याच्या गोळ्यांत चोथा जास्त, स्निग्ध कमी. मला वाटलं, काय हे मुलीचं हिशेबीपण! मी भाखरीचा तुकडा द्यायला लागले, मग शेव, मग गाठिये. तो इतका शहाणा की चार दिवसांत माझ्या पिशवीचा आवाज ओळखू लागला. आठवड्याने फ्रिजचं दारही नाकाने उघडायला शिकला. लेक ओरडली, "आई, त्याच्या डोळ्यांवर चरबीच्या घड्या येतात, मग त्यांना दिसेनासं होतं!" मी म्हटलं, जरा गुटगुटीत असलेला बरा.

जानेवारीत लेक-जावई दोन दिवस बाहेरगावी गेले. बटाटा आणि त्याची अंगणातली खोपी माझ्या ताब्यात. थंडी कडक होती, त्याचं पाण्याचं टब गोठून दगड झालं होतं. मी वरवर बघितलं, टब भरलेलं दिसलं. चेवडा, गाठिये चालूच. लेक परत आली त्या सकाळी तो गोल गोल फिरत होता, भिंतीला डोकं टेकवून उभा राहत होता, हाक मारली तर ऐकूच येत नव्हती. मला वाटलं, म्हातारपण. लेकीने टब बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

मिठाचं खाणं आणि पाणी नाही, की डुकराच्या मेंदूवर परिणाम होतो. त्यांच्याकडे ही गोष्ट शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते, मला नव्हती. त्यातही एक मेख आहे, तहानलेल्याला एकदम पोटभर पाणी द्यायचं नाही, मेंदूला आणखी सूज येते. डॉक्टरांनी दर थोड्या वेळाने घोट घोट पाजायला सांगितलं. रात्रभर लेक वाटी घेऊन बसली. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बोलायला हवं होतं असंही मला वाटत नाही. तो वाचला, पण तो भिंतीला डोकं लावून उभा असलेला डोळ्यांसमोरून जात नाही.

आता माझं मत सांगते, रागावलात तरी चालेल. आपल्यात खाऊ घालणं म्हणजे माया, यावर कोणी शंकाच घेत नाही. पण त्या मायेत निम्मी आपलीच हौस असते. तो विक्रेता अर्धी वाटी घालून स्वतःचा खिसा बघत होता, मी पिशवीभर घालून स्वतःचं कौतुक करून घेत होते. बटाट्याला काय हवंय ते दोघांनीही विचारलं नाही. आणि मुक्या जिवाला विचारायचं म्हणजे त्याची मोजणी पाळायची, दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

भाच्याचा मुलगा परवा मोबाईलवर असलंच पिल्लू दाखवत होता, "मावशीआजी, घेऊ या ना!" तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये! मी त्याला सांगितलं, हा प्राणी बारा-पंधरा वर्षं जगतो, त्याला नाकाने माती उकरायला लागते, आणि तुझ्या कॉलेजनंतर त्याला कोण बघणार? आईच ना? तो गप्प बसला, पण पटलंय असं दिसलं नाही.

लेक आता त्याच्या गोळ्या गवतात विखरून टाकते. अर्धा तास तो नाकाने शोधत बसतो, त्यात त्याचा वेळही जातो आणि पोटही शांत राहतं. रविवारी व्हिडिओ कॉलवर मला दाखवते. मी आधी विचारते, "टब बघितलंस का गं? हात घालून?"