कोर्लईचे बोल विरण्याआधी

रेवदंड्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की समुद्रात घुसलेला डोंगर दिसतो. वर कोर्लईचा किल्ला, पायथ्याशी गाव आणि गावात माउंट कार्मेल माउलीचे चर्च. रविवारची मिस्सा मराठीत होते. ती संपून माणसे अंगणात आली की बोलणे बदलते. एखादी आजी नातवाला काही सांगते आणि परका माणूस थबकतो. शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी. हीच ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीजांची ‘नोसा लिंग्वा’ शेवटचे स्वर गाळत गाळत एवढीशी झाली.

१५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हा डोंगर निजामशाहीकडून जिंकला. १७४० मध्ये चौल-कोर्लई मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज निघून गेले. गावातली ख्रिस्ती माणसे मात्र शेती करत इथेच राहिली. ही भाषा बोला म्हणणारा राजा आता उरला नव्हता. तिला धरून ठेवले ते चर्चने. पोर्तुगीज प्रार्थना कानांवर पडत राहिल्या आणि त्यांच्या आसऱ्याने घरातली बोली टिकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, उपासना मराठीत आली. ती यायलाच हवी होती. देवाशी माणसाने समजेल अशा भाषेतच बोलावे. पण नो लिंगचा तो आसरा गेला. आज ती बोलणारी माणसे जेमतेम हजारभर आहेत. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्लँसी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर अख्खे पुस्तक काढले, आणि आपल्याच रायगड जिल्ह्यातली ही भाषा आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे?

गडावरच्या जुन्या चर्चला छप्पर राहिलेले नाही. भिंती उभ्या आहेत, आत आभाळ. पावसाळ्यात गवत कमरेएवढे वाढते, दगडांच्या सांध्यांतून रोपटी डोके काढतात. शनिवार-रविवारी गड पाहायला येणाऱ्यांनो, ती रोपटी हौसेने उपटू नका. मुळाबरोबर दगडही येतो. ते काम जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे आणि त्यासाठी पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करणारे, पुन्हा पुन्हा विचारणारे लोक हवेत. आपण ते होऊया.

भिंतीला अजून थोडा वेळ आहे, माणसांना नाही. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदवह्या प्रत्येक पॅरिशमध्ये असतात. गावाचा खरा इतिहास तिथे, कुणा राजाच्या बखरीत नाही. फादरांची परवानगी घेऊन जुन्या पानांचे फोटो काढून ठेवायला हवेत, खारी हवा कागदाला सोडत नाही. विद्यापीठांतल्या मराठी विभागांनी विद्यार्थी पाठवावेत. आणि कोर्लईच्या पोरांनो, तुम्हाला देवनागरी येते. आजीच्या तोंडचे शब्द वहीत उतरवायला आणखी काय लागते? रोज दहा शब्द लिहा.

१६ जुलैला कार्मेल माउलीचा सण असतो. कामाधंद्यासाठी मुंबईला गेलेल्यांनो, यंदा त्या सुमाराला गावी या. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, त्यांना विचारून मोबाइलचे रेकॉर्डिंग सुरू करा आणि त्यांना बोलू द्या.