अकरा वर्षांची कोरी पाने

लग्नाआधी सुरू केलेलं आणि मग अर्धवट राहिलेलं काही ना काही आपल्यापैकी बहुतेकींच्या कपाटात असतं. कुणाची खोळ घातलेली सतार, कुणाची एम.ए.च्या पहिल्या वर्षाची गुणपत्रिका, कुणाचा शिवणाच्या परीक्षेचा फॉर्म. आज ज्या वस्तूविषयी लिहिणार आहे ती मात्र फारच थोड्या घरांत सापडेल. ती म्हणजे शिकाऊ वैमानिकाचे लॉगबुक. प्रत्येक उड्डाणाची तारीख, वेळ आणि विमान लिहून ठेवायची ही आडवी वही.

‘विमान? आणि आपल्या सदरात?’ असं म्हणून पान उलटू नका हं! मोडलेलं शिक्षण पुन्हा कसं जोडावं हे विमानाच्या बाबतीत फार स्वच्छ कळतं. कारण तिथे थोडंफार येतंय, घेऊ निभावून, असं चालत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई, वय छत्तीस. लग्नाआधी तिचे ७४ तासांचे उड्डाण झाले होते. शेजारी कुणी नसताना एकटीने विमान वर नेऊन खाली आणले होते. मग वडिलांचे आजारपण, पैशाची ओढ, लग्न, बाळंतपण. शेवटच्या नोंदीनंतर वहीची पाने कोरीच, अकरा वर्षे. गेल्या वर्षी तिने पुन्हा शिकायचे ठरवले आणि संध्याकाळी पुस्तक घेऊन माझ्याकडे यायला लागली. “बाई, तुम्हाला विमानातलं कळायला नको. तुम्ही नुसते प्रश्न विचारा आणि उत्तर ताडून बघा.” तेव्हा इकडे माझ्या पोळ्या आणि तिकडे ढगांचे प्रकार, असे आमचे कित्येक दिवस चालले.

इतक्या वर्षांनी परत जाताना काय आठवते आणि काय विसरते, हे तिच्याकडून ऐकण्यासारखे आहे. पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून ती वर गेली. सरळ समतोल उडणे जमले. उंची न घालवता वळणेही जमले. पण धावपट्टीला समांतर जाताना एकामागून एक करायची कामे असतात: तपासण्या म्हणायच्या, रेडिओवर आपण कुठे आहोत ते सांगायचे, मग इंजिनाचा जोर कमी करायचा. छोटे विमानसुद्धा तिथे नव्वद नॉटने, म्हणजे मिनिटाला पावणेतीन किलोमीटर जाते. रेडिओवरचे वाक्य जुळवेपर्यंत वळायची जागा मागे पडली. “हातांना आठवत होतं, बाई, पण कशानंतर काय, तो क्रमच गेला होता,” ती म्हणाली.

आणखी एक गोष्ट. विमानाचे नाक फार वर उचलले की पंखांवरून वाहणारी हवा विस्कटते, आणि विमान तोलून धरणारी शक्ती एकदम कमी होते. ह्याला ‘स्टॉल’ म्हणतात. अशा वेळी जीव घाबरून मागे ओढतो; करायचे असते उलट, नाक खाली न्यायचे. हे उत्तर तिने मला तोंडपाठ दिले होते. वर सराव घेताना मात्र तिचा हात आधी मागेच गेला. इन्स्ट्रक्टरने दुसऱ्या कंट्रोलने सावरले.

ह्यात तिचा कमीपणा काहीच नव्हता. १९८३ साली अमेरिकेत खासगी परवाना मिळालेल्या वैमानिकांची ८, १६ आणि २४ महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेण्यात आली, तेव्हा त्यांचे कौशल्य चांगलेच उतरलेले आढळले. तिथे गोष्ट महिन्यांची होती, इथे अकरा वर्षांची. म्हणून तिने त्या रात्री एका साध्या वहीत दोन रकाने आखले: ‘आज येतं’ आणि ‘आज येत नाही’. जुने ७४ तास तिने त्यात धरलेच नाहीत. मला तिची ही गोष्ट फार आवडली. आपण बहुतेकजणी ह्याच्या नेमके उलट करतो. ‘मला पूर्वी किती छान यायचं’ ह्यावर तरी अडून राहतो, नाहीतर ‘आता काही येणार नाही’ म्हणून बसून राहतो. आज किती येते, हे मोजायला कुणी जातच नाही.

सगळ्यांनाच परतीची वाट मिळते असेही नाही. सरला ठकराल यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, चार वर्षांची मुलगी घरी असताना, लाहोरला साडी नेसून त्यांनी ‘जिप्सी मॉथ’ विमान चालवले आणि परवाना मिळवला. पुढे एक हजार तासांचे उड्डाण केले. १९३९ साली वैमानिक असलेले त्यांचे पती विमान अपघातात गेले. तरीही त्या व्यावसायिक परवान्याच्या तयारीला लागल्या, आणि महायुद्ध सुरू झाल्यामुळे ते शिक्षण बंद पडले. मग लाहोरच्या मेयो कलाशाळेत त्या चित्रकला शिकल्या, आणि फाळणीनंतर दिल्लीत येऊन दागिन्यांचे व कापडाचे नमुने करून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. त्यांचे शिक्षण थांबले ते युद्धामुळे. आपले थांबलेले खरोखर कशामुळे थांबले आणि ते कारण आजही आहे का, एवढे तरी आपण तपासून पाहावे. वाट आता पुष्कळ रुंद झाली आहे. १९८५ साली आपल्या सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सचे सर्व महिला कर्मचारी असलेले पहिले विमान नेले, तेव्हा ती मोठी बातमी होती. आज भारतातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत.

आता थोडे व्यवहाराचे. तुमच्या घरात, नात्यात कुणी ह्या वाटेने परत जाणार असेल तर तिला हे जरूर सांगा.

सर्वांत आधी वैद्यकीय तपासणी, फी त्यानंतर. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेले डॉक्टरच ही तपासणी करतात. शिकाऊ आणि खासगी परवान्याला दुसऱ्या वर्गाची, व्यावसायिक परवान्याला पहिल्या वर्गाची. चष्मा असला म्हणून दार बंद होत नाही. पण रक्तदाबाची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती लपवायची नाही.

दुसरे, कागद. शिकाऊ परवाना, परीक्षांचे निकाल, तपासणीचे प्रमाणपत्र, ह्या प्रत्येकाला मुदत असते. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, पण नियमांत तासांबरोबर तारखाही बघतात. तेव्हा जुन्यातले आज काय धरले जाईल, हे आधी लेखी विचारून घ्यावे. तोंडी ‘होऊन जाईल’ ह्यावर विसंबू नये.

तिसरे, पैसे. एका तासाला काही हजार रुपये पडतात. सगळी रक्कम एकदम भरू नये. जसे तास होतील तसे हप्ते ठरवावेत. भरण्यापूर्वी प्रत्यक्ष जाऊन पाहावे की विमाने किती आहेत आणि त्यातली उडणारी किती! लग्नाआधी ती शिकत होती तिथे एक विमान सुट्या भागासाठी चार महिने उभे होते. पैसे भरलेले आणि पोरी बाकावर बसलेल्या.

चौथे, मुहूर्त. पंचांगातला नव्हे, हवेचा. आपल्याकडे पावसाळ्यात उड्डाणे वारंवार रद्द होतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते, विमान हेलकावे खाते; शिवाय गरम हवा विरळ, त्यामुळे धावपट्टीवर जास्त धावावे लागते. म्हणून तिने पावसाळाभर पुस्तके केली आणि दसऱ्यानंतर उड्डाणे सुरू केली. आठवड्याला एक दिवस जाण्यापेक्षा दोन महिने लागोपाठ, पहाटेच्या शांत हवेत. खंड भरून काढायचा तर मध्ये नवा खंड नको.

राहता राहिले घर. पहाटे साडेपाचला विमानतळावर हजर राहायचे तर डबा कोण करणार? तिने “जाऊ का?” असे विचारले नाही. दोन महिन्यांचा कागद केला: सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. त्या चार दिवशी मुलाचे आवरणे आणि डबा नवऱ्याकडे. त्याला पोहे आणि अंडी एवढेच येत होते. मुलाने कुरकुर न करता खाल्ले.

सासूबाईंचा प्रश्न मात्र कागदाने सुटणारा नव्हता. “घरात लहान मूल आहे. पडलीस म्हणजे?” ह्या प्रश्नावर रागवायचे कसे? तो काळजीपोटीच आलेला. ती वाद घालत बसली नाही. एका सकाळी त्यांना विमानतळावर घेऊन गेली आणि उडण्यापूर्वीची तपासणी दाखवली. विमानाभोवती फिरून एकेक बिजागरी हाताने हलवून पाहणे, तेलाची पातळी पट्टीने मोजणे, पंखाखालून काचेच्या नळीत थोडे निळसर पेट्रोल काढून उजेडात धरणे. पेट्रोलपेक्षा पाणी जड, टाकीत शिरलेले असेल तर तळाशी वेगळे दिसते. सासूबाई म्हणाल्या, “अगं, आम्ही रेशनचं रॉकेल असंच बघून घ्यायचो.” त्यांची भीती गेली असे नाही. पण पुढच्या बुधवारी नवरा दौऱ्यावर होता, तेव्हा डबा त्यांनी केला.

अकरा तास इन्स्ट्रक्टरबरोबर झाल्यावर एका सकाळी ते खाली उतरले आणि म्हणाले, “एक चक्कर मारून या.” सहा मिनिटांचे उड्डाण. घरी येऊन तिने वहीतल्या ‘येत नाही’च्या रकान्यातल्या तीन ओळी खोडल्या. चार अजून शिल्लक होत्या, त्या तशाच ठेवल्या.

आता खासगी परवान्यावर थांबायचे की २०० तासांपर्यंत जायचे, हे तिचे ठरलेले नाही. तितके तास होईस्तोवर ती अडतीस वर्षांची होईल, आणि नोकरीची हमी तिला कुणी दिलेली नाही. ठेव मोडायची की नाही ह्यावर घरात अजून बोलणी चालू आहेत. ती चालू आहेत हेही काही थोडे नाही, नाही का?

तर मैत्रिणींनो, तुमची वही सतारीची असो की संस्कृतची, ह्या आठवड्यात एवढे करा. शेवटची तारीख शोधून काढा. मग एखादी ओळखीची गाठा आणि तिला म्हणा, मला प्रश्न विचार. जे येईल ते एका रकान्यात, येणार नाही ते दुसऱ्या. तुमच्या दुसऱ्या रकान्यात काय काय निघाले ते मला जरूर कळवा.