द्वीपविहार, विश्रामधाम आणि वैद्याचा सल्ला

दिवाळीची सुटी दृष्टिपथात आली की ठाण्याच्या राम मारुती रस्त्यापासून डोंबिवलीच्या फडके रस्त्यापर्यंत सहलसंयोजकांच्या फलकांवर निळाशार समुद्र उसळू लागतो. एके काळी आपल्या रुग्णांची मजल गणपतीपुळे, तारकर्ली आणि फार तर गोव्यापर्यंत जात असे. अंदमानला जावयाचे ते सेल्युलर जेलमधील स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक होण्यासाठी. आता त्याच अंदमानातील स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८ पर्यंत ज्यास हॅवलॉक म्हणत त्या बेटावर, चार दिवस विश्रांतीसाठी जाणारी कुटुंबे आपल्या प्रतीक्षागृहात बसलेली असतात. कोणी मालदीवला निघालेले असते, कोणी बालीला, कोणी श्रीलंकेला, कोणी मॉरिशसला. यात गैर काहीच नाही. आयुष्यभर लोकलच्या दारात उभे राहून ज्यांनी संसार केला, त्यांनी उतारवयात समुद्राकाठी चार दिवस निवांत घालवावेत, यात आनंदच आहे.

आमचा प्रश्न निराळा आहे. ही मंडळी निघण्यापूर्वी आपल्याकडे येतात, रिसॉर्टचे रंगीत माहितीपत्रक पुढे ठेवतात आणि विचारतात, "डॉक्टर, तिथे पंचकर्मसुद्धा आहे. जातोच आहोत, तर करून घेऊ का?" या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो?

आम्ही काय उत्तर दिले, ते प्रथम प्रांजळपणे सांगतो. डोंबिवलीचे एक सेवानिवृत्त गृहस्थ, वय साठीच्या आसपास, संधिवात आणि मधुमेह यांसाठी आमच्याकडे नियमित येणारे. मुलांनी आईवडिलांना एका बेटावरील पंचतारांकित रिसॉर्टची पाच दिवसांची सहल भेट दिली. त्यांनी वरील प्रश्न विचारला आणि आम्ही हसून म्हणालो, "मजा करून या." तेथे दुसऱ्याच दिवशी, स्नेहपानाचे नाव न काढता, 'शरीरशुद्धी' म्हणून त्यांना विरेचन देण्यात आले. सात-आठ वेग झाले. त्याच रात्री समुद्रकिनारी मेजवानी, तिसऱ्या दिवशी वेगवान बोटीची फेरी, पाचव्या दिवशी विमान. परत आले ते भ्रम, दौर्बल्य आणि मंदाग्नी घेऊन. रक्तशर्करेचे गणित विस्कटले ते वेगळेच. अग्नी पूर्वपदावर आणण्यास महिना लागला. आम्ही रिसॉर्टचे नाव देत नाही, कारण दोष त्या एकाच ठिकाणाचा नाही. त्यातील मोठा वाटा आमच्या त्या तीन शब्दांचा होता.

तात्पर्य, रिसॉर्टची निवड हा केवळ सहलसंयोजकाचा विषय राहिलेला नाही. जेथे आयुर्वेदाच्या नावाने काही विकले जाते, तेथे वैद्याचा सल्ला हा चिकित्सेचाच भाग होय. तो सल्ला देण्यासाठी खोलीचे दर ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. देश, काल, कर्म, वैद्य आणि औषध एवढ्या पाच गोष्टींचा विचार पुरेसा आहे.

प्रथम देश. उष्ण कटिबंधातील बेट म्हणजे आनूप देश, जलबहुल आणि वात-कफप्रधान. परंतु आपणही कोठे जांगल देशात राहतो? ठाणे शहर वसले आहे तेच मुळी साष्टी बेटाच्या टोकाशी, आणि कल्याण-डोंबिवली खाडीच्या पैलतीरावर. म्हणजे आपला रुग्ण आनूप देशातून निघून लक्षावधी रुपये वेचून पुन्हा आनूप देशातच जातो. ज्याची प्रकृती ठीक आहे, त्याला याचे काही बाधत नाही. परंतु आमवात, तमकश्वास, जीर्ण प्रतिश्याय असलेल्या रुग्णाला पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या कुटीत रात्रंदिवस दमट वाऱ्यात ठेवणे हे कितीही विलासी असले तरी पथ्यकर नव्हे. अशा रुग्णाला देशांतराचा लाभ हवा असेल, तर देवळालीची किंवा नगरकडील कोरडी हवा अधिक उपकारक ठरेल, हे सांगण्यास आपण संकोचू नये. ज्यांना बेटावरच जावयाचे आहे, त्यांनी निदान जमिनीवरील, कोरडी व मोकळी हवा असणारी खोली घ्यावी. आहार लघु, उष्ण ठेवावा. सकाळच्या न्याहारीस मांडलेल्या पंचवीस पदार्थांतून मत्स्य, दूध, दही व फळे एकाच पानात घेऊ नयेत.

देशाच्या विचारात आणखी एक व्यवहाराची बाब येते. मालदीवमधील दूरच्या प्रवाळबेटांवर पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानाने जावे लागते आणि ही विमाने केवळ दिवसाच्या उजेडात उडतात. हृद्रोगी, मधुमेही किंवा वयोवृद्ध रुग्णाने अशा ठिकाणी रात्री छातीत कळ आली तर काय, हा प्रश्न आरक्षणापूर्वी विचारावयास हवा. त्यांच्यासाठी राजधानी मालेपासून बोटीने थोडक्या वेळात पोहोचता येईल असे बेट निवडणे शहाणपणाचे. अंदमानातही स्वराज द्वीपाहून श्री विजयपुरमला, म्हणजे २०२४ पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरला, येण्यास समुद्रमार्गे तास-दोन तास सहज मोडतात.

दुसरा काल. आपल्याकडे सहली ऋतू पाहून ठरत नाहीत, शाळेची सुटी पाहून ठरतात. मे महिना, दिवाळी आणि नाताळ हे आपले तीन प्रवासऋतू. यांपैकी शोधनाच्या दृष्टीने अनुकूल असा काळ एकच, तो दिवाळीचा, कारण शरद हा विरेचनाचा ऋतू. मे महिन्यातील ग्रीष्मात बल क्षीण असते आणि अत्युष्ण काळी शोधन टाळावे हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो आहोत. आणि ऋतू मोजावयाचा तो त्या स्थळाचा, कॅलेंडरचा नव्हे. मॉरिशस दक्षिण गोलार्धात सुमारे २० अक्षांशांवर आहे. आपण येथे मेच्या उन्हाने पोळत असतो, तेव्हा तेथे थंड व तुलनेने कोरड्या दिवसांना आरंभ झालेला असतो. बालीत साधारण एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ. उलट मालदीवमध्ये आणि अंदमानात मे महिन्यापासून पावसाळी वारे सुरू होतात. लक्षद्वीपलाही पावसाळ्यात समुद्र खवळतो, आणि तेथे जाण्यास प्रवेशपरवाना लागतो तो वेगळाच. स्वस्तात मिळाले म्हणून ऐन पावसाळ्यात बेटावर गेलेल्या वातप्रकृतीच्या रुग्णाने परत येऊन आपल्या सांध्यांची तक्रार आपल्याकडे मांडली, तर त्यात नवल ते काय?

तिसरे कर्म. पाच दिवसांत पंचकर्म हा शब्दप्रयोगच मुळात फसवा आहे. स्नेहपानासच तीन ते सात दिवस लागतात. त्यानंतर विरेचनापूर्वी तीन दिवस स्नेहन-स्वेदन, मग प्रधानकर्म आणि शुद्धीनुसार तीन ते सात दिवस संसर्जन क्रम. म्हणजे किमान दहा दिवस आणि बहुधा दोन आठवड्यांहून अधिक. याखेरीज परिहारकाल. चरकाचार्यांनी शोधनोत्तर काळात जे आठ महादोषकर भाव वर्ज्य सांगितले, त्यांची यादी सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेशी ताडून पाहावी. उच्च स्वरात बोलणे, रथक्षोभ, अतिचंक्रमण, अत्यासन, अजीर्णात भोजन, अहित भोजन, दिवास्वप्न आणि मैथुन. रथक्षोभ म्हणजे आजची वेगवान बोट व विमान, अतिचंक्रमण म्हणजे बाजारहाट, अत्यासन म्हणजे परतीचा दीर्घ प्रवास, दिवास्वप्न म्हणजे दुपारी वाळूत पसरलेली आरामखुर्ची. नवदांपत्याच्या सहलीविषयी तर अधिक लिहिणे नको. जे जे वर्ज्य, त्याचीच सहल बनते. याचा अर्थ सहल वाईट असा नव्हे. सहल आणि शोधन ही दोन कार्ये एकत्र करू नयेत, एवढाच त्याचा अर्थ.

मग चार-पाच दिवसांच्या सहलीत काय करावे? अजीर्ण वा आमावस्था नसल्यास नित्य अभ्यंग, मृदु स्वेद, पादाभ्यंग आणि रात्री लवकर निद्रा. वैद्य चांगला असल्यास शिरोधारा. यातून मिळणारे सुख खरे असते आणि त्यासाठी विरेचनाची बडेजाव मिरविण्याची गरज नसते. रुग्णाला हा पर्याय आपण दिला, तर तो नाराज होत नाही, असा आमचा अलीकडचा अनुभव आहे. ज्याला खरोखर शोधन हवे आहे, त्याने रजा वेगळी काढावी आणि चिकित्सालयातच यावे.

चौथा वैद्य. रिसॉर्टच्या जाहिरातीत तेलाची धार दिसते, मंद दिवा दिसतो. वैद्य मात्र क्वचितच दिसतो. म्हणून रुग्णाने पत्राद्वारे वा दूरध्वनीवर विचारावे, की वैद्य पूर्णवेळ आहे काय, त्याची नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे आणि कर्मापूर्वी तो नाडी, अग्नी व कोष्ठ पाहणार आहे काय. केरळ शासनाच्या पर्यटन खात्याने आयुर्वेद केंद्रांसाठी 'ग्रीन लीफ' व 'ऑलिव्ह लीफ' अशा श्रेणी लावल्या, त्या याच गरजेतून. श्रीलंकेत १९६१ च्या आयुर्वेद कायद्यान्वये वैद्यांची नोंदणी होते आणि तेथे देशी वैद्यकाची स्वतंत्र, जुनी परंपरा आहे. बालीची 'उसद' ही परंपराही जुनी. त्या शब्दात आपल्या 'औषध' शब्दाचा प्रतिध्वनी ऐकू येतो, परंतु ती पद्धती म्हणजे आपला आयुर्वेद नव्हे आणि तेथील मर्दन म्हणजे आपला अभ्यंगही नव्हे. तिचा आदर राखून हा भेद रुग्णास समजावून द्यावा. उत्तर न देणारे रिसॉर्ट कितीही तारांकित असले, तरी तेथे पोहावे, विश्रांती घ्यावी, औषध मात्र घेऊ नये.

पाचवे औषध. येथे आमच्या औषधविक्रेत्या बंधूंचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. रुग्ण परदेशी निघाला आहे हे कळल्यावर नेहमीचीच औषधे पिशवीत भरून देणे पुरेसे नाही. मालदीवमध्ये पर्यटकाने मद्य नेण्यास बंदी आहे आणि आपल्या आसव-अरिष्टांच्या वेष्टनावर तर स्वयंजनित मद्यार्काचे प्रमाण स्पष्ट छापलेले असते. तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्यास अशोकारिष्टाची परंपरा समजावून सांगत बसण्याची वेळ रुग्णावर का आणावी? क्वाथाच्या गोळ्या वा चूर्ण देता येते. याहून गंभीर बाब म्हणजे भंगायुक्त कल्प. ग्रहणीच्या रुग्णाला आपण सहजपणे देतो त्या जातिफलादि चूर्णात भांग असते. बाली ज्या इंडोनेशियात आहे, तेथे अमली पदार्थांचे कायदे अत्यंत कठोर असून भांगवर्गीय द्रव्यांना त्यांत दयामाया नाही. अहिफेनयुक्त कल्पांचेही तेच. परदेशी जाणाऱ्याला असे कल्प देऊच नयेत. इतर औषधे मूळ वेष्टनात, वैद्याच्या इंग्रजी चिठ्ठीसह द्यावीत. तेलाच्या मोठ्या बाटल्या हातातील सामानात न ठेवता मोठ्या सामानात ठेवण्यास सांगावे. पुडीत बांधलेले, नाव नसलेले चूर्ण हे येथे विश्वासाचे प्रतीक असेल, परक्या विमानतळावर ते संशयाचे कारण होते.

येथवर रुग्णांविषयी लिहिले. आता थोडे स्वतःविषयी. ठराविक खरेदीचा आकडा गाठल्यास बेटावरील सहल, अशी योजना आपल्यापैकी कित्येकांच्या टेबलावर कधी ना कधी येऊन पडली आहे. काहींनी ती स्वीकारली, काहींनी नाकारली. आम्ही कोणाचा न्यायनिवाडा करण्यास बसलेलो नाही. केंद्रीय औषधनिर्माण विभागाने मार्च २०२४ मध्ये औषधविपणनाची समान संहिता जारी केली. तीत वैद्यकीय व्यावसायिकांस व त्यांच्या कुटुंबीयांस कंपन्यांनी प्रवास, हॉटेल, रिसॉर्ट अशा सुविधा देऊ नयेत, असे म्हटले आहे. ती आपणांस कोणत्या मर्यादेपर्यंत लागू होते, या कायदेशीर चर्चेत शिरण्याचे कारण नाही. तत्त्व स्पष्ट आहे. ज्याच्या खर्चाने आपण समुद्रकिनारी झोपलो, त्याचे तेल, त्याचे चूर्ण आपल्या लेखणीतून थोडे अधिक उतरते. त्याची किंमत शेवटी कल्याणच्या रिक्षाचालकाला किंवा डोंबिवलीच्या पोळी-भाजी विकणाऱ्या ताईंना मोजावी लागते. आपल्या रिसॉर्टचे भाडे त्यांच्या औषधाच्या बिलात लिहिले जाते. शिवाय ज्याची स्वतःची सहल दुसऱ्याने निवडली, त्याने रुग्णाच्या सहलीविषयी निर्भीड मत कोणत्या तोंडाने द्यावे?

म्हणून आमची विनंती साधी आहे. प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात वरील पाच बाबींचा एक कागद मराठीत छापून ठेवावा आणि सहलीस निघालेल्या रुग्णाच्या हाती तो द्यावा. त्यास पाच मिनिटे लागतील. आपण स्वतः बेटावर जरूर जावे, सहकुटुंब जावे, परंतु आपल्या कमाईने आणि आपल्या निवडीने. साधे रिसॉर्ट घेतले तरी समुद्र तोच असतो.

आमचे ते डोंबिवलीचे रुग्ण या वर्षी पुन्हा निघाले आहेत. या वेळी त्यांनी माहितीपत्रक पुढे ठेवले, तेव्हा आम्ही हसलो नाही. खुर्ची पुढे ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचावयास आरंभ केला. इत्यलम्.