लॉज जुने की नवे?

दिवाळीच्या सुट्या जवळ आल्या की आपल्या चांदूर रेल्वेत अजिंठा-वेरूळ, सारनाथ, बुद्धगयेच्या सहलींचे बेत सुरू होतात. तिकिटे आधी काढली जातात. मुक्कामाचा विचार मात्र स्टेशनवर उतरल्यावर. मग रिक्षावाला नेईल ते लॉज!

बंधू-भगिनींनो, नवे तेच चांगले हा समज सोडा. नव्या लॉजात फरशी चकचकीत, टीव्ही मोठा; पण पुष्कळदा खोलीला खिडकीच नसते. जुन्यात खोल्या ऐसपैस, गॅलरी हवेशीर. पण भिंतींना ओल, वायरी उघड्या आणि म्हाताऱ्या माणसांना न झेपणारा जिना. म्हणून आधी खोली पाहा, नळ सोडा, दाराची कडी लावून बघा, मगच पैसे द्या. बंद बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर ती खोली घेऊच नका. त्यातून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू निघू शकतो. त्याला वास नसतो. आंघोळ करता करता माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जातो.

आता हिशेब. समजा, गावाबाहेरचे नवे लॉज ७०० रुपये आणि स्टेशनजवळचे जुने ९०० रुपये. नव्याला जाण्या-येण्याचे रिक्षाभाडे ३०० लागले, तर स्वस्त कोणते? खोली २४ तासांसाठी की दुपारी १२ पर्यंतच, हेही विचारा. रात्री ११ ला पोहोचणाऱ्याला दुसरा नियम महाग पडतो. आणि पावती घ्याच.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मान. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. वर अडगळीचे सामान भरलेला अंधारा हॉल, शेजारी लहानशी खोली. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तीही सोडायला लावली.

आज संविधानाचे कलम १५(२) सांगते की जातीवरून कोणालाही हॉटेलात मज्जाव करता येणार नाही. अस्पृश्यतेच्या कारणाने प्रवेश नाकारणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. मॅनेजरने ओळखपत्र जरूर मागावे. जात विचारण्याचे त्याला कारण नाही. आडनाव वाचून रिकामी खोली नाकारली, तर हुज्जत घालू नका. लॉजचे नाव, तारीख, वेळ लिहून घ्या, सोबत्याला साक्षीदार करा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आपल्यामागून येणाऱ्या कुटुंबाला ते दार उघडे मिळेल.