घर बांधावं, पण पट्टीच्या हिशेबानं



'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' असं आपली जुनी माणसं उगीच म्हणत नव्हती. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडं कामानिमित्त फिरताना मधूनच एखादं घर दिसतं. जोतं झालेलं, भिंती खिडकीपर्यंत आलेल्या अन् आत बाभळी उगवलेल्या. मालक आळशी नसतो, पैसा संपलेला असतो. आणि तो संपणार हे पाया आखला त्याच दिवशी ठरलेलं असतं.

पहिली चूक पीक कर्जाची. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याजाचा भार राहत नाही. तोच पैसा विटा-सिमेंटात अडकला की मुदत हुकते, सवलत जाते आणि पुढच्या पेरणीला बँक दारात उभं करत नाही. मग आडत्याची उचल. उचल घेतली की हळद त्याच्याच दारात, त्याच्याच भावात.

दुसरी चूक मापाची. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली. तिचं सपाट भागातलं मूळ अनुदान १ लाख २० हजार, आणि घराचं किमान माप २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. आपण मात्र भावकीचं बघून ६०० फुटांचा पाया आखतो. हप्ता कामाच्या टप्प्याप्रमाणं येतो, त्यामुळं एवढ्या मोठ्या जोत्यातच सगळं खपतं. दोन खोल्या आज पुऱ्या करा, तिसरीला जागा सोडा.

मग तयारी कशी करावी? सोयाबीनच्या पट्टीतून १० हजार आणि हळदीच्या पट्टीतून ३० हजार दरसाल वेगळ्या खात्यात टाकले, तर तीन वर्षांत १ लाख २० हजार होतात. म्हणजे घरकुलाएवढी रक्कम आपल्या स्वतःची. हे पैसे काढण्याआधी हळदीचं बेणं, खत आणि लेकरांच्या शाळेचा खर्च बाजूला ठेवा. बेणं विकून बांधलेलं घर पुढच्या साली उपाशी ठेवतं. साल वाईट गेलं तर कमी टाका, पण खातं मोडू नका.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको. १९९३ ला किल्लारीत दगड-मातीच्या जड भिंतींनी माणसं गाडली. २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये आपल्याच जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. जोत्यावर आणि खिडकी-दाराच्या वर सळईचा काँक्रीट पट्टा घ्याच. रंग, फरशी पुढच्या वर्षी झाली तरी चालते.

कागदही आधी बघा. नमुना ८ वर नाव कुणाचं, भावांच्या वाटण्या कागदावर झाल्यात का, गावठाणाची सनद मिळाली का? घर नवरा-बायको दोघांच्या नावानं करा. जागाच नसेल तर दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेची चौकशी पंचायत समितीत करावी.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही विनंती. यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा आणि कोणता हप्ता कोणत्या कामानंतर मिळतो, हे लाभधारकाला पाया खोदण्याआधी सांगा. नंतर सांगून उपयोग नाही.

यंदाची पट्टी हातात आली की मिस्त्रीला नंतर बोलवा. आधी घरातल्या बाईसोबत वही घेऊन बसा.